बॅगेला आठ-दहा

कार्यशाळा हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. त्यातली ‘शाळा’ मला अजून कुठं दिसलेली नाही आणि ‘कार्य’ म्हणाल तर ते लग्नकार्यातलं. सकाळी पाहुण्यांना फेटे, दुपारी पंगत, संध्याकाळी पाठवणी, आणि मध्ये कुठंतरी अक्षता पडाव्यात तेवढा वेळ ज्ञान. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, आणि असल्या कार्यांत वऱ्हाडी म्हणून बसण्यात माझी निम्मी नोकरी सरली. म्हणून जी कार्यशाळा मी स्वतः भरवली, तिच्याबद्दल तरी चांगलं बोलता यावं अशी माझी फार इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही.

विषय होता, संशोधनाचा डेटा कसा सांभाळावा आणि त्यासाठी लागेल तेवढं कोडिंग. स्टाफरूममध्ये जो तो विचारायचा, ग्रंथालयाचा आणि कोडिंगचा संबंध काय? मी सांगून सांगून थकले. पुस्तकाला नंबर देऊन जागेवर ठेवलं तर पुढं कधीही आलेल्या माणसाला ते सापडतं, तसंच संशोधनातल्या आकड्यांचं असतं. आमच्या संशोधकांच्या फायलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी बघितलेली’ आणि ‘हीच फायनल’ अशी असतात, आणि त्यातली खरी कोणती हे काही दिवसांनी ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय तेच ते रटाळ काम संगणकाकडून करून घ्यायचं तर त्याला त्याच्या भाषेत चार ओळी लिहून द्याव्या लागतात, तेवढंच ते कोडिंग. एवढं सगळं ऐकून इतिहासाचे सर म्हणाले, “मॅडम, आमचा डेटा लोखंडी कपाटात हाय अन् किल्ली माझ्या खिशात हाय. आनखी काय व्यवस्थापन पायजे?” सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन चिडले.

प्राचार्यांनी परवानगी दिली ती मूल्यांकनाची समिती येणार होती म्हणून. समितीला फोटो दाखवावे लागतात. माझं कारण वेगळं होतं, आणि ते कारण रोज दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसत होतं.

ती आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायची, म्हणजे दर जूनमध्ये ठेवतील की काढतील हे ठाऊक नाही अशी नोकरी. सासर सोनपेठजवळच्या खेड्यात, येणंजाणं एसटीनं. पीएचडी झाली तर कायम जागेसाठी निदान अर्ज तरी करता येणार होता. नोंदणीची मुदत तिला एकदा वाढवून मिळाली होती. आता त्या महिनाअखेरीला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून करायला ना घरचे तयार होते, ना तिच्यात तेवढा जीव उरला होता.

विषय सोयाबीनचा. सोनपेठ, पाथरी, तिकडं राणीसावरगावपर्यंतची गावं तिनं पालथी घातली होती. प्रत्येक शेतकऱ्याला तेच प्रश्न, मजूर किती लागले, फवारण्या किती केल्या, बॅगेला उतारा काय आला. आमच्याकडं एकरी उत्पन्न असं कुणी बोलत नाही. बियाण्याची एक बॅग पेरली, तिला किती कट्टे, म्हणजे पोती, माल झाला, असा हिशोब असतो. उत्तरं ती तिथंच बांधावर उभी राहून मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये भरायची. वेगळा कागद तिनं ठेवलाच नव्हता, आणि डेटाची दुसरी प्रत ठेवावी हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एक दिवस तिनं लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. “मॅडम, बघा बरं हे काय झालंय.” तिनं उताऱ्याची सरासरी काढली होती. एका बॅगेला पंचेचाळीस हजार कट्टे.

मला हसू आलं. एवढं पिकलं तर ठेवायला जिल्हा पुरायचा नाही, असं मी म्हणालेही. मग तिचा चेहरा बघितला आणि लॅपटॉप माझ्याकडं ओढला. मजूरही पंचेचाळीस हजार आणि फवारण्याही पंचेचाळीस हजार. रकान्यामागून रकाने नुसत्या पाच आकडी संख्या, खालपर्यंत. झेरॉक्स सेंटरवाल्यानं फाइल करप्ट झाली म्हणून सांगितलं होतं, पुन्हा भरा. पुन्हा भरायची कुठून? त्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेली होती, आणि जी गावात होती त्यांना मागच्या हंगामातल्या फवारण्या आता कशा आठवणार?

“सरांना सांगितलंस का?” मी विचारलं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, आमच्याच कॉलेजातले.

“फोन केला होता. सर म्हणले, होऊन जाईल.”

मला पुस्तकं लावता येतात, संदर्भ शोधून देता येतात, पण या संख्या आल्या कुठून ते मला काही केल्या उमगेना. म्हणून मी पुण्याच्या एका डेटातज्ज्ञांना गळ घातली. एका ऑनलाइन वर्गात त्यांनी मला शिकवलं होतं. तरुण माणूस, बोलायला साधा. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. भाषण कमी करा आणि लोकांच्या हातून करून घ्या, आणि एका मुलीची फाइल तेवढी बघा. ते आनंदानं हो म्हणाले. बिचाऱ्यांना आमचं कॉलेज माहीत नव्हतं.

तयारीची बैठक झाली. स्वागत समिती, भोजन समिती, सजावट समिती, प्रसिद्धी समिती. भोजनात कढी ठेवायची की मठ्ठा यावर दोन ज्येष्ठ प्राध्यापकांचं वाजलं. संगणकावर प्रोग्रॅम कोण टाकणार, असं मी विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं अशा प्रेमानं बघितलं की उत्तर मला मिळालं. ग्रंथालयातल्या त्या जुन्या संगणकांपुढं मीच बसले. काही चालू झाले, काहींनी प्रोग्रॅमचं नाव वाचूनच मान टाकली.

मग सूत्रसंचालनाचा विषय निघाला. तिचे मार्गदर्शक म्हणाले, “आमच्या संशोधिका करतील की. आवाज चांगलाय त्यांचा.”

“सर, तिला संगणकासमोर बसू द्या,” मी म्हणाले. “ही कार्यशाळा तिच्यासारख्यांसाठीच आहे.”

“बसतील ना. सूत्रसंचालन म्हणजे काय मॅडम, मधूनमधून उठायचं अन् चार शब्द बोलायचं.”

तिनं मान हलवली. दुसरं काय करणार होती? प्रबंधात मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या प्रमाणपत्रावर यांचीच सही लागते.

कार्यशाळेच्या दिवशी उद्घाटक उशिरा आले. ते आल्यावर दीपप्रज्वलन. पंख्यानं ज्योत टिकेना म्हणून पंखे बंद केले, सगळे घामानं भिजले म्हणून पुन्हा सुरू केले, की ज्योत गेली. मग स्वागतगीत झालं. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकानं व्यासपीठावरच्या दुसऱ्या प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला. प्राचार्यांनी आयुष्यात पहिला संगणक कधी पाहिला ते सविस्तर सांगितलं. डेटा हे आजच्या युगातलं तेल आहे असं लागोपाठ तीन वक्ते म्हणाले, आणि समोरची समई तेवढी विझलेली होती. दोन भाषणांच्या मध्ये ती माइकवर यायची, हसतमुखानं एक चारोळी म्हणायची आणि पुढच्या वक्त्याला बोलवायची. तिचा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. तज्ज्ञ घड्याळाकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

शेवटी त्यांनी माइक हातात घेतला, “आता सगळ्यांनी संगणक सुरू करू या,” असं म्हणाले, आणि लाईट गेली. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, पण तो फक्त व्यासपीठाला जोडलेला. म्हणजे भाषणाला लाईट आहे आणि कामाला नाही. शिपाईमामा आत आले आणि म्हणाले, “लाईट तर गेलीच हाय, तवर जेवून घ्या की.” त्या दिवसातली ती पहिली शहाणपणाची सूचना होती, आणि तिच्यावर लगेच अंमल झाला.

जेवणं होईतो लाईट आली, पण निम्मे लोक परत आलेच नाहीत. उरले त्यांना मात्र त्या माणसानं छान शिकवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. फायलीला नाव कसं द्यावं, मूळ आकड्यांची एक प्रत वेगळी ठेवून तिला हात का लावू नये, आपण आकड्यांत काय काय बदललं ते का लिहून ठेवावं. इतिहासाचे सर पुढं सरकून बसले होते आणि वहीत उतरून घेत होते. मला वाटलं, चला, दिवस अगदीच पाण्यात गेला नाही.

लोकांना सरावाला लावून ते मागच्या संगणकापाशी आले. तिनं फाइल उघडली. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं आणि लगेच म्हणाले, “या तर तारखा आहेत.”

एक्सेल प्रत्येक तारीख आतल्या आत दिवसांच्या एका मोठ्या आकड्यात साठवतं, असं त्यांनी समजावलं. सरासरी काढायला म्हणून रकान्याचं रूप बदललं की तारीख जाते आणि नुसता आकडा दिसतो. “पण उताऱ्याच्या रकान्यात तारखा आल्या कशा? तुम्ही टाइप काय केलं होतं?”

“आठ-दहा,” ती म्हणाली.

“म्हणजे आठ का दहा?”

“आठ-दहा, सर.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला, कारण आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला होता. आमच्याकडं एकटा आकडा कुणी तोंडातून काढतच नाही. मजूर किती, तर चार-पाच. फवारण्या किती, तर दोन-तीन. गाव किती लांब, तर सहा-सात किलोमीटर. स्वतःच्या गोठ्यातल्या म्हशी किती, तरी दोन-तीन; त्यातली एक कुणाच्या हिशोबात धरलेली असते देव जाणे. बॅगेला उतारा किती, तर आठ-दहा. तिनं ऐकलं तसं भरलं, आठ, मध्ये छोटी रेघ, दहा. मोबाइलनं वाचलं, आठ ऑक्टोबर, आणि बांधावरच्या उन्हात त्या इवल्या पडद्यावर ते तिच्या लक्षातच आलं नाही. सगळ्या शेतकऱ्यांचं सगळं पीक असं कॅलेंडरात जाऊन बसलं होतं.

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “म्हणजे सर, गेलं न्हाई ना काही?”

“काही गेलेलं नाही. दिवस आणि महिना सुटे केले की तुमचे आकडे परत.”

मलाही भरून आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी ही मुलगी रात्रंदिवस झुरत होती, आणि ही गोष्ट सांगणारा एक माणूस आमच्या अख्ख्या कॉलेजात नसावा याचा मला मनस्वी राग आला. त्यात मीही होतेच.

हातानं ते होण्यासारखं नव्हतं. एवढे रकाने आणि एवढे शेतकरी, एखादा आकडा नजरचुकीनं इकडचा तिकडं झाला असता. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा होता आणि तज्ज्ञांनी तो तिलाच लिहायला लावला. पहिली ओळ झाली आणि व्यासपीठावरून हाक आली, चहाची घोषणा करायची होती. ती गेली आणि आली. दुसऱ्या ओळीत एक कंस राहून गेला म्हणून स्क्रीनवर लाल अक्षरं आली. तो कंस सापडतोय तोवर पुन्हा हाक, गटफोटो. फोटोत तिला उद्घाटकांच्या मागं उभं केलं, पुष्पगुच्छ धरायला. ती परत आली तेव्हा आपण कुठल्या ओळीवर होतो तेच तिला आठवेना. मला त्या माइकची वायर उपटून टाकावीशी वाटत होती.

एकदाचा प्रोग्रॅम चालला. तारखांचे आठ-दहा झाले, आठ-दहाचा मधला आकडा म्हणून नऊ आला, आणि रकाना भराभर माणसात आला. तज्ज्ञ उठायला लागले. त्यांच्या गाडीची वेळ होत होती.

“सर, थांबा,” ती म्हणाली. “हे चुकलंय. इथं मी चार-दोन भरलं होतं.”

“हो, त्याचे तीन झालेत. बरोबर आहे.”

“न्हाई सर. दोन-चारचे तीन. चार-दोन म्हणजे काहीच न्हाई.”

मराठीच माणूस, त्यांना कळलं. “पण प्रोग्रॅमला हे कसं कळणार? त्याला दोन्ही सारखेच.”

“तारखेवरून कळंल की. दोन-चार असंल तर दोन एप्रिल झालं असंल, अन् चार-दोन असंल तर चार फेब्रुवारी.” मग ती जरा हळू आवाजात बोलली. “ज्याचं बुडालं ना सर, तो दारात आलेल्या बाईला बुडालं म्हणून सांगत न्हाई. चार-दोन कट्टे झाले म्हणतो अन् चहा करायला लावतो. त्याचे मी तीन धरले तर मी खोटं लिहायलेय.”

ते पुन्हा खाली बसले. मोठा आकडा आधी आला असेल तर सरासरी काढायची नाही, त्यांची वेगळी नोंद करायची, असं ठरलं. म्हणजे आणखी ओळी, आणि प्रत्येक रकान्यासाठी पुन्हा तपासणी. बाहेर त्यांना स्टेशनवर न्यायला गाडी येऊन उभी होती.

आणि तेवढ्यात माइकवरून मार्गदर्शक सरांचा आवाज आला. “समारोपाला सुरुवात करू या. सूत्रसंचालिकांनी व्यासपीठावर यावं.”

ती अर्धवट उठली. तज्ज्ञ म्हणाले, “तुम्ही जाऊन या. राहिलं तर मला ईमेल करा, मी बघतो.” ते मनापासूनच म्हणत होते, पण ईमेल करा म्हणणारी मनापासूनची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पुण्याला पोचल्यावर त्यांची त्यांना कामं असतात, आणि इथं महिनाअखेर कुणासाठी थांबणार नव्हती.

माइकवरून दुसऱ्यांदा हाक आली. ती खाली बसली. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “मॅडम, मी न्हाई जात.”

इतक्या वर्षांत तिनं सरांना नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आकडे मिळतील आणि सही जाईल, असं झालं तर? तिसरी हाक यायच्या आत मी उठले आणि व्यासपीठाकडं निघाले. “त्यांना जरा बरं नाही,” मी सरांच्या कानात सांगितलं. “आभार मी मानते.”

मी, जिला सभेत उभं राहिलं की घाम फुटतो, तिनं त्या दिवशी आमच्या कॉलेजातलं सर्वांत लांब आभारप्रदर्शन केलं. निघून गेलेल्या उद्घाटकांचे आभार मानले. मांडववाल्याचे मानले. आचाऱ्याचे मानले ते एकेका पदार्थाचं नाव घेऊन. कढीचे आणि मठ्ठ्याचे वेगवेगळे मानले, म्हणजे त्या दोन्ही ज्येष्ठांना बरं वाटेल. सतरंज्या दिल्याबद्दल क्रीडा विभागाचे, लाईट गेल्याबद्दल आणि आल्याबद्दल वीज कर्मचाऱ्यांचे, फेटे बांधणाऱ्याचे, पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचे. सरांनी मागून चिठ्ठी सरकवली, ‘आवरा’. मी ती वाचली आणि वेळेचं भान दिल्याबद्दल त्यांचेही आभार मानले. दिवसभर साचलेला राग माझ्या कामी येत होता. आजवर जेवढी लांबलचक भाषणं मी मुकाट्यानं ऐकली होती, त्यातली वाक्यं आपोआप तोंडात येत होती. सभागृहात लोक जांभया देत होते आणि मागच्या संगणकापाशी दोन डोकी खाली वाकलेली होती.

घसा सुकला तेव्हा मी प्रेक्षकांचे आभार मानायला घेतले, रांगेवार. शेवटच्या रांगेवर आले आणि मागं तिनं हात वर केला. मी तिथंच थांबले. राष्ट्रगीत झालं.

तज्ज्ञ बॅग घेऊन जवळजवळ पळतच गाडीकडं गेले. मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती नुसती स्क्रीनकडं बघत बसली होती. सरासरीच्या जागी पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या शेतात पिकू शकेल असा आकडा होता, आणि शेजारच्या नव्या रकान्यात चार-दोनवाली माणसं वेगळी ठेवलेली होती. तिनं फायलीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग दुसरी माझ्या संगणकावर ठेवली.

तेवढ्यात सर आले. चेहरा लालबुंद. “तुम्ही व्यासपीठावर आला नाहीत. कसं दिसलं ते? अन् मॅडम, तुमचे आभार जरा लांबलेच.”

“सर, आकडे परत मिळाले,” ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता.

“कुठले आकडे?”

त्यांनी ते अगदी खरं विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. दर सहा महिन्यांनी तिच्या अहवालाखाली ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहून या माणसानं सही केली होती. माझ्या तोंडात आलं ते मी इथं लिहीत नाही. बोलायला म्हणून मी तोंड उघडलं तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

“काही न्हाई सर,” ती म्हणाली. “प्रमाणपत्रावर सही घ्यायला उद्या येऊ का?”

“या की,” सर म्हणाले. “येताना आजचे फोटो तेवढे पेनड्राइव्हवर आणा.”